‘मुले आणि पाळीव प्राणी यांचे स्वागत’ म्हणणारी भाडेघर सेवा: करार संपल्यानंतरचा अभिप्राय

पुण्यात भाड्याचे घर मिळवून देणाऱ्या आणि करार संपेपर्यंत त्या घराची व्यवस्थाही पाहणाऱ्या कंपन्या आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी एका कंपनीमार्फत आम्ही बावधनमध्ये सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचे घर घेतले, वर्षाचा करार पूर्ण केला आणि अनामत रक्कम परत घेऊन बाहेर पडलो. आमच्या घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि अठरा किलो वजनाचा देशी कुत्रा आहे, त्यामुळे कंपनीच्या जाहिरातीतील ‘मुले आणि पाळीव प्राणी यांचे स्वागत’ ही ओळ आमच्यासाठी महत्त्वाची होती. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण जवळपास याच धाटणीचे नियमपत्रक इतरही काही ठिकाणी माझ्या पाहण्यात आले आणि हा अभिप्राय प्रामुख्याने त्या नियमपत्रकाविषयी आहे. एकूण सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. अटी लेखी असणे, घराच्या स्थितीची छायाचित्रांसह नोंद असणे आणि सोसायटीशी बोलण्याची जबाबदारी कंपनीने उचलणे यांसाठी हे गुण आहेत. दीड गुण कापला आहे तो एकाच जोखमीसाठी तीन वेगवेगळ्या नावांनी पैसे घेतल्याबद्दल आणि त्यातील परत न मिळणारी सर्वांत मोठी रक्कम नोंदणीकृत कराराबाहेर ठेवल्याबद्दल.

आधी साध्या दलालांमार्फत घर शोधताना आलेला अनुभव थोडक्यात सांगते, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. मूल असणे ही पुण्यातील घरमालकांच्या लेखी सहसा अडचण नसते. उलट ‘फॅमिली आहे ना, मग चालेल’ असे म्हणून दलाल लगेच घर दाखवायला तयार होतो. कुत्र्याचा उल्लेख झाला की मात्र ‘मालकांना विचारून सांगतो, ताई’ असे उत्तर येते आणि नंतर फोन येत नाही. काही जण प्रेमाने सल्ला देतात की आत्ता सांगूच नका, राहायला गेल्यावर हळूच घेऊन या. हा सल्ला अत्यंत वाईट आहे. अशा रीतीने आणलेल्या कुत्र्यामुळे करारभंगाचे निमित्त मालकाच्या हाती आयते पडते आणि मुलीची शाळा ऐन सत्राच्या मध्यावर असताना घर सोडण्याची वेळ येऊ शकते. या कंपनीच्या अर्जात पहिल्याच पानावर घरातील व्यक्ती, बारा वर्षांखालील मुले आणि पाळीव प्राणी यांची माहिती विचारली जाते आणि ती माहिती पाहून होकार दिलेल्या मालकांचीच घरे पुढे दाखवली जातात. जिथे पुढे नकार येणार आहे ती घरे पाहण्यात वेळ जात नाही, ही या सेवेची खरी सोय आहे. दलालीही एका महिन्याच्या भाड्याऐवजी अर्ध्या महिन्याची होती: ₹28,000 भाड्यावर ₹14,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून ₹16,520.

अर्जातील एक गोष्ट खटकली, तीही सांगून टाकते. कुत्र्याची जात निवडण्यासाठी जी यादी होती तिच्यात लॅब्रेडॉर, बीगल, पग, शिह त्झू अशी सगळी पाहुणे मंडळी होती; देशी नव्हता. ‘इतर’ हा पर्याय निवडल्यावर स्वभावाबाबत स्वतंत्र हमीपत्र मागण्यात आले. कोथरूडच्या गल्लीत जन्मलेल्या कुत्र्याने पुण्यात राहण्यासाठी चारित्र्याचा दाखला द्यावा आणि पगला तो माफ असावा, यामागील तर्क कोणालाही सांगता आला नाही. लसीकरणाचे प्रमाणपत्र आणि महापालिकेचा श्वान परवाना या दोन गोष्टी मात्र रास्त आहेत. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचलेली असणे आणि परवाना काढलेला असणे हे घर भाड्याचे असो वा स्वतःचे, कुत्रा पाळणाऱ्याचे कर्तव्यच आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पैसे. आमच्याकडून घेतलेल्या रकमा अशा होत्या. नेहमीची अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे ₹84,000. कुत्रा असल्यामुळे त्यावर आणखी अर्ध्या महिन्याची, ₹14,000 ची वाढीव अनामत. ती परत मिळणारी. त्याशिवाय ‘पाळीव प्राणी प्रवेश शुल्क’ म्हणून ₹10,000 आणि त्यावर जीएसटी ₹1,800. हे परत न मिळणारे. आणि शेवटी दरमहा भाड्यासोबत ₹600 ‘पाळीव प्राणी देखभाल’ म्हणून. वर्षाचा हिशेब केला तर कुत्र्यापोटी कायमचे गेलेले पैसे ₹19,000 होतात आणि ₹14,000 वर्षभर अडकून पडतात, ते वेगळेच. मुलीसाठी थेट शुल्क काही नव्हते. तिच्या नावाने जे होते ते रंगकामाच्या कलमात दडलेले होते, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

कुत्रा घरात असला की दाराला ओरखडे पडू शकतात, सोफ्याला वास लागू शकतो, गोचिडांचा त्रास होऊ शकतो, हे मला मान्य आहे. मालकाने त्यासाठी काही तजवीज करून घेणे यात मला अन्याय वाटत नाही. पण वाढीव अनामत घेण्याचा उद्देशच असा असतो की नुकसान झाले तर त्यातून भरून काढावे आणि झाले नाही तर रक्कम परत करावी. असे असताना त्याच नुकसानीच्या शक्यतेपोटी परत न मिळणारे दहा हजार कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा ‘घर सोडताना करावयाच्या खोल साफसफाईसाठी’ असे उत्तर ईमेलवर मिळाले. दरमहा सहाशे रुपये कशाचे, याचे उत्तर ‘दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल’ असे होते. दोन्ही उत्तरे लेखी घेतली, हे पुढे उपयोगी पडले. पेस्ट कंट्रोलचा माणूस आपणहून कधी आला नाही. आठवण केली की आला, आणि आला तेव्हा काम नीट करून गेला. सहाशे रुपयांत तीन महिन्यांचे अठराशे होतात. दोन बेडरूमच्या घरात झुरळे आणि गोचिडे यांची फवारणी बाहेरून करून घेतली असती तरी बहुधा याहून कमी खर्च आला असता.

दहा हजारांच्या शुल्काबाबतचा माझा मोठा आक्षेप ते किती आहे यापेक्षा ते कुठे लिहिले आहे याविषयी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे आणि नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. त्याच कलमात भाडेकरूच्या बाजूची एक मोठी तरतूद आहे, जी अनेकांना ठाऊक नसते: नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे, त्याविरुद्ध काही सिद्ध होत नाही तोवर, ग्राह्य धरले जाते. थोडक्यात, कायद्याची अपेक्षा अशी की दोघांमधील अटी त्या नोंदलेल्या कागदावर असाव्यात. आमच्या करारात भाडे, अनामत आणि दरमहाचे सहाशे रुपये होते. दहा हजार मात्र केवळ कंपनीच्या पावतीवर आणि ‘नियमपत्रक’ या स्वतंत्र पीडीएफमध्ये होते.

हे मुद्रांक वाचवण्यासाठी केले असावे असे आधी वाटले, म्हणून हिशेब करून पाहिला. महाराष्ट्रात अशा करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे, आणि ते कराराच्या मुदतीतील एकूण भाडे, परत न मिळणारी कोणतीही रक्कम आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल 10 टक्क्यांनी काढलेले व्याज या तिन्हींच्या बेरजेवर लागते. दहा हजार रुपये करारात दाखवले असते तर त्यावर पंचवीस रुपये जादा पडले असते. महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क एक हजार रुपये. ते तसेच राहिले असते. तेव्हा कारण मुद्रांक नव्हे. शुल्कावर जीएसटी लावून कंपनीने स्वतःच्या नावाचे बीजक दिले होते, यावरून उलगडा होतो: ही रक्कम घरमालकाकडे जातच नाही, ती कंपनीचे उत्पन्न आहे. ज्या मालकाच्या दाराला ओरखडे पडण्याच्या भीतीने आपण पैसे देतो, त्या मालकाला त्यातला रुपयाही मिळत नाही आणि बहुतेक वेळा ते घेतले गेल्याचे त्याला माहीतही नसते. आमच्या मालकांना ते माहीत नव्हते. निवृत्त गृहस्थ आहेत, नोंदणीच्या दिवशी भेटले तेव्हा त्यांनी मुलीला खाऊ दिला आणि कुत्र्याविषयी एवढेच म्हणाले की, ‘गॅलरीच्या जाळीच्या दाराकडे तेवढं बघा, मागच्या भाडेकरूंचं मांजर होतं.’

सोसायटीच्या बाबतीत मात्र कंपनीने आपल्या पैशाचे चीज केले, असे म्हणावे लागेल. घर भाड्याने देताना सभासदाने सहकारी गृहनिर्माण संस्थेला कळवावे, कराराची प्रत द्यावी, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवावी, हे सगळे ठीकच आहे. आमच्या सोसायटीने त्यापुढे जाऊन भाडेकरूंना समितीसमोर ‘भेटीस’ बोलावण्याची प्रथा पाडली आहे. तिथे मुलीचे वय, आमच्या कामाच्या वेळा आणि कुत्रा दिवसा एकटा असतो का, असे प्रश्न विचारले गेले. शेवटचा प्रश्न योग्यच होता. त्यानंतर हातात एक पत्रक ठेवण्यात आले, ज्यात पाळीव प्राणी असलेल्यांकडून दरमहा ₹250 ‘लिफ्ट स्वच्छता’ आकार, फक्त सामानाच्या लिफ्टचा वापर, बागेत पूर्ण मनाई आणि विष्ठा आढळल्यास ₹1,000 दंड अशा अटी होत्या.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्ये याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, कुत्र्याच्या आकारावरून किंवा जातीवरून भेद करता येत नाही, लिफ्ट वापरू देण्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत आणि कायद्याचा आधार नसताना दंडही लावता येत नाही, असा त्यांचा आशय आहे. त्याच तत्त्वांत कुत्र्याला सार्वजनिक जागेत पट्ट्याने बांधून न्यावे आणि मालकांनी स्वच्छतेची काळजी घ्यावी असेही सांगितले आहे, जे श्वानप्रेमी मंडळी सोयीस्करपणे वगळतात. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, अधिनियमातील कलमे नव्हेत, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना पक्के ठाऊक असते. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई करणारे निवासी संघटनांचे नियम गैर ठरवले, पण तो निर्णय महाराष्ट्रात थेट बंधनकारक नाही. म्हणूनच अशा प्रसंगी कायद्याचे पुस्तक आपटण्यापेक्षा शांतपणे बोलणारा माणूस लागतो. कंपनीच्या प्रतिनिधीने तत्त्वांची प्रत समितीला दिली, लसीकरणाचे कागद दाखवले आणि ‘काका, लिफ्टमध्ये घाण झाली तर आमचा माणूस येऊन पुसून जाईल, पण दरमहा आकार नको’ असे म्हणून अडीचशे रुपयांचा विषय त्याच बैठकीत संपवला. सामानाच्या लिफ्टची अट राहिली. ती लिफ्ट बंद असताना किंवा कोणाचे घरसामान चढत असताना मुख्य लिफ्ट वापरण्याची मुभा पत्रकावर हाताने लिहून सेक्रेटरींची सही घेतली. हे आम्ही दोघा नवराबायकोने जाऊन केले असते तर इतक्या सहज झाले नसते, याची मला खात्री आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण कंपनीच्या नियमपत्रकात तिचा पूर्ण गोंधळ आहे. घरमालक आणि सोसायटी हे दोन वेगळे पक्ष आहेत. मालक आपले घर कुत्रा असलेल्या भाडेकरूला देण्यास नकार देऊ शकतो. तो त्याचा व्यवहार आहे आणि त्याला भाग पाडणारा नियम आपल्याकडे नाही. मालकाने एकदा होकार दिला की सोसायटीने मोडता घालणे हे मात्र वरील तत्त्वांना धरून नाही. कंपनीने मालकाच्या अटी, सोसायटीच्या अटी आणि स्वतःच्या अटी अशा तिन्ही एकाच क्रमाने, एकाच शीर्षकाखाली छापल्या आहेत, त्यामुळे कोणती अट कोणाशी बोलून बदलता येईल हे वाचणाऱ्याला समजत नाही. याच गोंधळात ‘सोसायटीचे सर्व आकार भाडेकरूने भरावेत’ असे एक वाक्यही होते. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, तेही यात येते. हे शुल्क सभासदावर, म्हणजे मालकावर असते, आणि 2001 च्या शासन आदेशानुसार ते महापालिकेचे कर वगळून उरणाऱ्या सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. आम्ही ते वाक्य खोडायला लावले. कंपनीने खळखळ न करता खोडले.

मुलांविषयीच्या अटी वरवर सौम्य वाटतात, पण रोजच्या जगण्यात त्याच अधिक जाणवतात. कुत्र्याला दिवसातून दोन-तीन वेळा बाहेर नेले की काम झाले. मूल चोवीस तास घरात आणि आवारात असते. दुपारी दोन ते चार या वेळेत आवारात खेळू नये, सायकल केवळ मागच्या रस्त्यावर चालवावी, चेंडू पार्किंगमध्ये आणू नये, असे सोसायटीचे नियम होते. दुपारच्या शांततेचा आग्रह ही पुण्याची जुनी रीत असल्यामुळे त्याविषयी तक्रार नाही, मात्र ध्वनिप्रदूषण नियमांतील रात्रीची वेळ दहा ते सहा आहे आणि दुपारच्या खेळाचा तिच्याशी काही संबंध नाही, हे खालच्या मजल्यावरच्या आजींना एकदा नम्रपणे सांगावे लागले. क्लबहाउसमधील मुलांच्या खेळघरासाठी भाडेकरूंकडून वार्षिक पास आकारण्याची प्रथा होती, सभासदांच्या मुलांना तो मोफत होता. ज्या घराचा मेंटेनन्स आमच्या भाड्यातून भरला जातो, त्याच घरातील मुलीने घसरगुंडीसाठी पुन्हा पैसे का द्यावेत, हा प्रश्न समितीपुढे मांडण्याचे काम कंपनीने केले नाही; ‘तो क्लबहाउसचा विषय आहे’ असे सांगून हात झटकले. कुत्र्यासाठी भांडणारी कंपनी मुलांसाठी गप्प बसते, याचे कारण उघड आहे. कुत्र्याचे शुल्क तिला मिळते.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर मुलांचा विचार आधी व्हायला हवा होता. गॅलरीच्या कठड्याच्या आडव्या नळ्यांमधील अंतर लहान मुलाला पाय ठेवून चढण्याजोगे होते. सोसायटीचा नियम असा की इमारतीचा दर्शनी भाग एकसारखा दिसावा म्हणून बाहेरून लोखंडी जाळी बसवायची नाही, आणि कंपनीचा नियम असा की भिंतीला नवे भोक पाडायचे नाही. दोन्ही नियम एकत्र पाळायचे तर गॅलरीचे दार कायमचे बंद ठेवावे लागले असते. अखेर कबुतरजाळी हा मार्ग निघाला, कारण कबुतरांविरुद्ध नायलॉनची जाळी लावायला सोसायटीची आधीपासूनच परवानगी होती. मुलासाठी जाळी मागितली तर नियम आडवा येतो आणि कबुतरासाठी मागितली तर येत नाही, हे ऐकून प्रतिनिधीही हसला. चांगल्या प्रतीची, घट्ट ताणलेली जाळी कठड्यापासून छतापर्यंत बसवून घेतली, घर सोडताना हुकांची भोके पुट्टीने भरून देण्याचे लेखी मान्य केले आणि खर्च आम्ही केला. कबुतरजाळी ही पक्ष्यांसाठी असते, वजन पेलण्यासाठी नव्हे, त्यामुळे तिच्यावर विसंबून मुलाला गॅलरीत एकटे सोडू नये. ‘मुलांचे स्वागत’ असे छापणाऱ्या कंपनीने निदान कठड्याची तपासणी स्वतःहून करावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

रंगकामाचे कलम मात्र विचारपूर्वक लिहिलेले आहे, आणि त्याबद्दल कंपनीचे कौतुक करते. पुण्यात घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली सरसकट एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची सवय अनेक मालकांना आहे, मग तुम्ही भिंतीला बोटही लावलेले नसो. येथे सामान्य झीज कशाला म्हणायचे ते लिहिले आहे: रंग फिका पडणे, कॅलेंडरच्या खिळ्याचे भोक, फर्निचरची हलकी घासणी यांना कपात नाही. क्रेयॉन, स्केचपेन, चिकटलेले स्टिकर, उंचीच्या खुणा आणि प्राण्याच्या नखांचे ओरखडे यांना हानी मानले आहे आणि त्याचा दर प्रत्येक भिंतीमागे ₹2,500 असा ठरलेला आहे. उंचीच्या खुणा या यादीत पाहून थोडे वाईट वाटले, पण दर आधीच माहीत असल्यामुळे आम्ही मुलीची उंची कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेल्या कागदी पट्टीवर नोंदवत राहिलो आणि ती पट्टी सोबत घेऊन आलो.

या सेवेतील सर्वांत उत्तम भाग म्हणजे प्रवेशाच्या वेळची तपासणी. कंपनीचा माणूस मोबाइल घेऊन प्रत्येक खोलीतून फिरला आणि भिंती, फरशा, दारांच्या खालच्या कडा, नळ, स्वयंपाकघरातील ओटा, गीझर या सगळ्यांची छायाचित्रे तारखेसह अ‍ॅपवर चढवली. आम्हालाही आपली छायाचित्रे जोडण्यासाठी काही दिवसांची मुदत होती. मालकांनी सांगितलेल्या जाळीच्या दाराला खालच्या बाजूला आधीच दोन बारीक चिरा होत्या, न्हाणीघराच्या दाराचा खालचा पत्रा सुटलेला होता आणि बेडरूमच्या दारावर जुन्या नखांच्या उभ्या रेघा होत्या. हे सगळे आम्ही जमिनीवर बसून, प्रकाश तिरका पाडून टिपले. कुत्रा असलेल्या भाडेकरूने छायाचित्रे आपल्या नव्हे तर कुत्र्याच्या उंचीवरून काढावीत. घर सोडताना बेडरूमच्या दाराचा प्रश्न निघालाच, आणि पहिल्या दिवसाचे छायाचित्र दाखवताच मिटला.

शेवटचा हिशेब असा झाला. एकूण अनामत ₹98,000. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलामागची भिंत तिने रंगवलेली होती, त्याचे ₹2,500 गेले. जाळीचे दार आमच्या कुत्र्याने फाडले होते. आधीच्या दोन चिरा आणि वर्षाअखेरचे भगदाड यांत फरक होता, त्यामुळे नव्या जाळीचे ₹1,800 आम्ही विनातक्रार दिले. त्यापुढे ‘पाळीव प्राण्यामुळे करावी लागलेली खोल साफसफाई’ म्हणून ₹4,500 कापून ₹89,200 परत करण्याचा प्रस्ताव आला. प्रवेश शुल्काचे दहा हजार नेमके याच कामासाठी घेतल्याचे कंपनीचेच ईमेल मी जोडून पाठवले. ग्राहक सेवेकडून आधी ‘धोरणानुसार योग्य’ असे साचेबंद उत्तर आले, नंतर वरच्या व्यक्तीकडून दिलगिरी आली आणि ₹93,700 ची पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. ते एक ईमेल जपून ठेवलेले नसते तर साडेचार हजार गेले असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दरमहाच्या सहाशे रुपयांतील न झालेल्या फवारण्यांचे पैसे मागितले तेव्हा मात्र ‘मागणीनुसार सेवा’ असे सांगून नकार मिळाला, आणि तो विषय मी तिथेच सोडला.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांच्याकडे मोठा किंवा देशी कुत्रा आहे, ज्यांना अनोळखी सोसायटीच्या समितीशी स्वतः वाटाघाटी करण्याची इच्छा किंवा सवड नाही, आणि ज्यांना वर्षाला वीसेक हजारांचा जादा भार सोसेल, त्यांनी अवश्य विचार करावा. फक्त मूल असेल आणि प्राणी नसेल तर साध्या दलालामार्फत मिळालेले घर आणि स्वतः काढलेली छायाचित्रे एवढ्यावर काम भागते. कंपनीने मुलांसाठी म्हणून वेगळे असे फारसे काही केलेले नाही. मांजर पाळणाऱ्यांनाही कुत्र्याइतकेच शुल्क लागते, जे मला अवास्तव वाटते, विशेषतः जे मांजर लिफ्टमध्ये पाऊलही टाकत नाही त्याच्या बाबतीत.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बयाणा देण्याआधीच मागाव्यात. एक, प्रवेश शुल्काची रक्कम आणि तिचा उद्देश नोंदणीकृत करारात लिहिला जावा. पंचवीस रुपयांचे जादा मुद्रांक आपण भरू असे सांगितले की नकाराचे कारण उरत नाही. दोन, नियमपत्रकातील प्रत्येक अटीसमोर ती मालकाची, सोसायटीची की कंपनीची हे लिहून घ्यावे. नोंदणीसाठी बायोमेट्रिक यंत्र घेऊन माणूस घरी येतो आणि त्याला पुढच्या ठिकाणी जाण्याची घाई असते, त्यामुळे अंगठा लावण्याच्या वेळी मसुदा वाचू असे ठरवले तर वाचून होत नाही. मसुदा आदल्या दिवशी ईमेलवर मागवावा. सध्या कंपनीच्या नव्या पत्रकात प्रवेश शुल्क ₹12,000 झाले आहे, मासिक आकार तोच आहे, आणि जातींच्या यादीत ‘इंडी’ (म्हणजे देशी) हा पर्याय आला आहे. हमीपत्राची अट मात्र त्यालाही लागू आहे.